मधुकररावांची चिमणी

शैलजाताई देवरेंनी केलेला कुठलाही प्राणी पाहिला की आपण त्याचं काहीतरी वाईट केलंय असं वाटायला लागतं. ससा असो, हत्ती असो, बदकाचं पिल्लू असो, चेहरा एकच. आत्ताच कोणीतरी वाटेल ते बोलून गेलंय आणि उत्तर अगदी ओठांवर आलंय. लोक म्हणतात, डोळे जरा जवळजवळ लावल्यामुळे तसं होतं. मी त्यांच्या समोरच्या दारात राहते, मला खरं कारण माहीत आहे. विणताना बाई सतत मनातल्या मनात कोणाशी तरी भांडत असतात, आणि ते सगळं लोकरीत उतरतं.

मी भारती. इथल्या शाळेत मराठी शिकवते, मूळची चिपळूणची. शैलजाताई चाळीसगावच्या, त्यांचे मिस्टर मधुकरराव नाशिकचे, खालच्या मजल्यावर सुरतेकडची मंडळी, वरती ओडिशाची. सिल्वासात एका वाक्यात चार भाषा बसतात, आणि समोरच्याचं आपल्याला सगळं कळलं असं प्रत्येकाला वाटतं. त्यामुळे इथे भांडणं कमी आणि घोटाळे जास्त.

ताईंचा पहिला घोटाळा सशाचा. तेव्हा त्या इथे नव्या होत्या. खालच्या मजल्यावरच्या बेन वर आल्या नि म्हणाल्या, "बेबी माटे एक ससलुं जोईए." ससलुं म्हणजे ससा. ताईंनी ऐकलं सासू. लहान मुलीला खेळायला सासू कशाला, हा प्रश्न त्यांना पडला, नाही असं नाही. पण इकडची रीत असेल म्हणून त्यांनी डोळ्यांवर चष्मा, कपाळाला आठी आणि कमरेला किल्ल्या अशी हातभर सासू विणून दिली. बेननी ती उलटीपालटी करून बघितली आणि त्या म्हणाल्या, "अदल मारी सासु छे!" म्हणजे हुबेहूब त्यांचीच सासू. ती सासू त्यांनी बेबीच्या हाती कधी लागू दिली नाही. कपाटात ठेवली आहे, आणि घरात काही झालं की बाहेर काढून तिला चार शब्द सुनावतात, असं मी ऐकून आहे.

त्यानंतर ताईंनी नियमच केला. जनावरं आणि पाखरंच करायची. माणसं नाहीत, आणि वस्तू तर नाहीतच नाहीत. नरोलीच्या यार्नच्या गोदामातून वजनावर धागा आणायचा, आत फायबर भरायचं, डोळे लावायचे आणि ज्याचं त्याला देऊन टाकायचं. एका कारखानदाराने दिवाळीच्या भेटीसाठी लोकरीचा गिअरबॉक्स मागितला होता. ताईंनी त्याला विचारलं, "डोळे कुठं लावू त्याला?" तो म्हणाला, डोळे नकोत. "मग मी पण नको," म्हणून ताईंनी दार लावून घेतलं. ज्याला डोळे नाहीत ते त्यांच्या सुईवर चढत नाही, हे गल्लीतल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे.

क्रोशात एक टाका असतो, त्याला मुका खांब म्हणतात. साधा, बुटका, घट्ट. भरलेले प्राणी सगळे याच टाक्यात करतात, कारण त्यातून आतलं काही बाहेर दिसत नाही. मधुकरराव म्हणजे असा मुका खांब. गावाबाहेर सायली भागातल्या एका कारखान्यात ते बॉयलर सांभाळायचे. घरी आले की हवामानाच्या बातम्यांसारखं एखादं वाक्य बोलत. "प्रेशर बरं होतं." "उद्या फर्स्ट शिफ्ट." "स्टॅकवर काम आहे, उशीर होईल." स्टॅक म्हणजे काय, हे ताईंनी कधी विचारलं नाही. फायलींचा ढीग असावा, असा त्यांचा समज होता.

लग्न झालं तेव्हा मात्र हा मनुष्य बरा होता म्हणे. ताईंचा राग पटकन चढतो आणि सावकाश उतरतो, अजूनही. मधुकरराव दारात आले की बायकोच्या चेहऱ्याकडे एकदा बघायचे आणि म्हणायचे, "काय झालं चिमणे, कोणावर चिडलीस?" ताई म्हणायच्या, "तुमच्यावरच! आणखी कोणावर?" आणि राग तिथेच संपायचा. पुढे गौरी झाली. पाळण्याबरोबर चिमणी हे नावही तिच्याकडे गेलं. गौरी मोठी झाली, लग्न होऊन पुण्याला गेली. पाळणा माळ्यावर परत आला, नाव काही परत आलं नाही. ताई आधी "अगं" झाल्या, मग "गौरीची आई", आणि हल्ली तर नुसतं खाकरणं.

आता मधुकरराव निवृत्त होणार होते. नाशिकला फ्लॅट घेऊन ठेवला होता, सामान बांधायला काढलं होतं. ताई माझ्याकडे चहाला यायच्या आणि कप हातात घेऊन बसून राहायच्या.

"बाई, बॉयलर होता तोवर ठीक होतं वो," त्या म्हणाल्या. "आता हा माणूस दिवसभर घरात. समोरासमोर बसून आम्ही बोलायचं काय? रोज सकाळी प्रेशर विचारू का मी त्यांना?"

मी हसले, पण त्या हसल्या नाहीत. नव्या गावाची, नव्या घराची त्यांना काही भीती नव्हती. भीती होती ती या माणसाजवळ आपल्यासाठी एकही शब्द शिल्लक नसेल याची. मला त्यांची फार कणव आली आणि मधुकररावांचा राग आला. दोन्ही मी चहाबरोबर गिळलं.

त्याच आठवड्यात कल्पेशचा फोन आला. कल्पेश म्हणजे कारखान्यातला एच.आर.चा मुलगा, वापीकडचा. ताईंच्या हातात विणकाम होतं, म्हणून फोन टेबलावर मोठ्या आवाजात लावला होता. मी समोरच होते.

"भाभी, कल्पेश बोलुं छुं, कंपनीमांथी. मधुकरभाई का सेंड-ऑफ है ने, तो एक सरप्राइज गिफ्ट आपके हाथ से बनवाना है. साहेब को बोलना नहीं हां."

"काय बनवायचं?"

"चिमनी."

ताईंची सुई टाक्यातच थांबली. "कौनसी चिमणी?"

"अरे, मधुकरभाईनी चिमनी! दूसरी कौन? पूरी कंपनी को मालूम है. सुबह आते ही पहले उसका हाल पूछते है, पीछे चाय पीते है. आखो दिवस एनी ज वात करे छे. और अब साहेब के साथ वो भी जा रही है, तो एक यादगीरी."

ताईंनी तोंडावर हात ठेवला. त्यांचे कान लाल झालेले मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

"चार फुट की बनाना भाभी. नीचे से जाडी, ऊपर से पतली."

"जाडी?" ताईंचा आवाज जरा चढला.

"नीचे तो खासी जाडी है ने!"

"असू द्या," ताई माझ्याकडे बघत म्हणाल्या, "खोटं काय बोलतोय तो? पुढं बोलो."

"लाल-सफेद पट्टा लेना. टोप पे लाल लाइट, चालू-बंद होने वाली. साइड में ऊपर तक सीडी. अंदर से खाली रखना. और ऊपर से थोडा काला धुमाडो."

"धूर?"

"धुआं तो चाहिए ही! मधुकरभाई धुआं देख के ही समझ जाते है कि अंदर क्या चल रहा है."

फोन ठेवल्यावर ताईंनी विणकाम बाजूला सारलं. मग पदराने डोळे पुसले.

"बघा वो बाई. घरात एक शब्द नाही, आणि ऑफिसात सगळं सांगून राह्यले. लाल-पांढरा पट्टा म्हणजे माझं स्वेटर, लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत घालायची ते. लाल लाइट म्हणजे कुंकू. मी मोठं लावते ना! आणि धूर," इथे त्या लाजल्या, "धूर म्हणजे माझा राग."

"आणि सीडी?" मी विचारलं.

"गौरीच्या लग्नाची," त्या ताबडतोब म्हणाल्या. "ते मशीन बिघडल्यापासून तशीच पडलीय. त्यांच्या ध्यानात असेल."

मला हे सगळं जरा विचित्र वाटलं, हे खरं. पण कंपनीवाल्यांच्या भेटी मी पाहिलेल्या आहेत. आमच्या घरात बॉल-बेअरिंगच्या आकाराचं घड्याळ आहे आणि पंपाच्या आकाराची मीठदाणी. त्या मानाने डोक्यावर दिवा असलेली चिमणी म्हणजे काहीच नाही. शिवाय इतक्या वर्षांनी बाई आनंदात होत्या. त्यात मी कशाला नाक खुपसू?

घरी मधुकरराव असायचे, म्हणून चिमणी माझ्या बेडरूममध्ये वाढू लागली. तारेचा सांगाडा, त्यावर मुक्या खांबांच्या ओळींवर ओळी. आधी जाड बूड, मग लाल पट्टा, पांढरा पट्टा, वर निमुळती मान. झंडा चौकातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून लुकलुकणारा लाल दिवा आणून टाळूवर बसवला. पंखाखाली चकचकीत सीडी शिवली. चोचीतून काळ्या-करड्या लोकरीचा धूर वर काढला, तो तारेवर झुलायचा. सगळ्यात शेवटी डोळे. आणि इथे एक चमत्कार झाला. ताईंच्या हातून पहिल्यांदाच न चिडलेला प्राणी तयार झाला. तोंडातून धूर, डोक्यावर दिवा, आणि चेहरा मात्र नव्या नवरीचा.

माझे यजमान मिलिंद ऑफिसच्या दौऱ्यावर होते, ते एका संध्याकाळी परत आले. चिमणी तेवढ्यापुरती बाहेरच्या खोलीत खुर्चीत बसवलेली होती आणि अंगावर चादर होती. त्यांनी चपला काढता काढता तिला नमस्कार केला, "बसा बसा, चहा घेतला का?" म्हणून विचारलं आणि स्वयंपाकघरात येऊन मला हळूच म्हणाले, "तुझी कोण आलीय ती, फार अबोल दिसते." त्यांना खरं कळल्यावर ते पुढचे काही दिवस सोफ्यावर झोपले. दिवा लुकलुकतो म्हणाले. दिवा बंद करता येतो, हे मी सांगितलं, तरी नाहीच.

समारंभाच्या दिवशी मधुकरराव सकाळीच नेहमीसारखे कामावर गेले होते. आम्ही दोघी दुपारी रिक्षाने निघालो. मध्ये चादरीत गुंडाळलेली चिमणी, दोन बाजूंना आम्ही. ताईंनी ठेवणीतली पैठणी नेसली होती. सायलीच्या रस्त्यावर प्रत्येक खड्ड्याला आतला दिवा पेटायचा आणि रिक्षावाला आरशातून बघायचा. ताई इतक्या वर्षांत एकदाही नवऱ्याच्या कारखान्यात गेल्या नव्हत्या. मधुकररावांनी कधी नेलं नाही, आणि त्यांनीही कधी हट्ट धरला नाही.

गेटवर वॉचमनने अडवलं. शेजारी गुजरातेत दारूबंदी, त्यामुळे सिल्वासात पोकळ वस्तू दिसली की आत बाटली असणार, असंच धरून चालतात. त्याने चादर बाजूला केली, चिमणीच्या पोटावर टकटक केलं, वास घेतला.

"ई का है, मैडम?"

"चिमणी," ताई अभिमानाने म्हणाल्या. "मधुकर साहेब की चिमणी."

वॉचमन तिच्याकडे बघत राहिला. दिवा लुकलुकला. मग त्याने हात वर करून शेडच्या मागे दाखवलं.

"मधुकर साहेब की चिमनी तो ऊ है."

आम्ही दोघींनी वर पाहिलं. आभाळात उभी होती. खाली जाड, वर निमुळती. लाल पट्टा, पांढरा पट्टा, लाल पट्टा. अंगाला पार टोकापर्यंत लोखंडी शिडी. शेंड्यावर लाल दिवा. आणि त्यातून काळसर धूर निघत होता. मधुकररावांचा तो स्टॅक म्हणजे हाच.

एका शब्दाचे अनेक अर्थ हा धडा मी दर वर्षी शिकवते. चिमणी : एक पक्षी, एक दिवा, धुराडे. मुलांकडून तीनदा म्हणवून घेते. मला स्वतःचाच इतका संताप आला की मी वॉचमनवर ओरडले, "आधी नाही सांगता येत?" तो बिचारा काय आधी सांगणार होता!

"नवीन गैस वाला बॉयलर आया है ना," तो घाबरून म्हणाला. "अगले महीने इसको गिरा देंगे."

साहेबांबरोबर तीही जाणार होती ती अशी. ताई मान वर करून बघतच होत्या. ओरडल्या असत्या, चिडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "म्हणजे हाल हिचा विचारायचे. दिवसभर गोष्टी हिच्याच." मग म्हणाल्या, "सवत असावी तर माणसाची तरी असावी, बाई. सिमेंटची?"

"चला घरी," मी म्हणाले. "चिमणी माझ्याकडे ठेवू. मिलिंदला सवय होईल."

आम्ही वळणार एवढ्यात कल्पेश धावत आला. "अरे भाभी, आवी गया! आओ आओ, सब वेट करता है!" चादरीखाली काय आहे हे न बघताच त्याने ते धूड उचललं आणि निघालाही. त्याच्यामागे पैठणी सावरत ताई, "अहो थांबा, अहो नको," म्हणत, आणि ताईंच्या मागे मी.

शेडमध्ये मांडव घातला होता. सगळा कारखाना खुर्च्यांवर बसला होता. मधुकरराव स्टेजवर, गळ्यात हार, कोणीतरी ओरडल्यासारखा चेहरा. आम्हाला पहिल्या रांगेत बसवलं. ताईंनी माझा हात धरला तो असा की माझी बांगडी रुतली. मॅनेजरसाहेब बोलले. काय बोलले ते मला आठवत नाही, मी फक्त त्या चादरीकडे बघत होते. मग कल्पेशने माइक घेतला.

"और अब, मधुकरभाई की लाडली, मधुकरभाई नी चिमनी!"

चादर उडाली.

दिवा लुकलुकला. चोचीतला धूर पंख्याच्या वाऱ्याने डुलू लागला. कल्पेश वाकून चिमणीच्या डोळ्यांत बघत राहिला, आणि माइक तोंडाजवळच असल्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं, "आ शुं छे?" मागच्या रांगेतून कोणीतरी फिसकन हसलं. मग आणखी कोणी. ताईंनी मान खाली घातली. मला त्या हसणाऱ्यांच्या एकेक कानफटात द्यावीशी वाटत होती.

मधुकरराव खुर्चीतून उठले. हसणं थांबलं. एखादं यंत्र तपासावं तसे ते चिमणीभोवती फिरले. बूड दाबून बघितलं. पट्ट्यांवरून हात फिरवला, लाल पट्ट्यावर तो जरा थांबला. पंखाखालची सीडी उचलून वाचली. लुकलुकणाऱ्या दिव्याकडे पाहिलं. आणि मग चोचीतून निघणाऱ्या धुराकडे ते बराच वेळ, डोळे बारीक करून बघत राहिले.

कल्पेशच्या हातातून त्यांनी माइक घेतला. त्यांच्याकडून कोणाला भाषणाची अपेक्षा नव्हतीच.

"धूर काळा आहे," ते म्हणाले.

आणि काय झालं ते मला तेव्हा कळलंच नाही. बॉयलरवरची सगळी पोरं, ओडिशाची, बिहारची, सायली-अथालच्या पाड्यांवरची, ज्यांना मराठीत धड 'या, बसा' म्हणता येत नव्हतं, ती एका सुरात ओरडली :

"काय झाला चिमणे, कोनावर चिडलीस?"

पत्रे दणाणले. माझा हात ताईंच्या हातातून एकदम सुटला.

मागच्या खुर्चीवरचा म्हातारा हसून हसून डोळे पुसत होता. बॉयलरवरचा जुना मदतनीस, भिका. मी वळून त्याला विचारलं, हे काय?

"साहेब रोज हेच बोलं," तो म्हणाला. "सकाळचा आला का पयला वर बघं. धूर काळा दिसला का असाच बोलं तिला, हळूच. मंग आम्ही पन शिकलो."

मी ताईंकडे पाहिलं. त्या स्टेजकडे बघत होत्या. नाव हरवलं नव्हतं, एवढंच मला त्या गोंगाटात समजलं. घरात जे तोंडातून निघत नव्हतं, ते हा मुका खांब इथे येऊन रोज आभाळाकडे तोंड करून एका धुराड्याला विचारत होता. अशा माणसाला काय म्हणावं? मला रडू येत होतं आणि हसूही.

आरडाओरडा ओसरला. मधुकरराव अजून माइक धरून उभेच होते. त्या सिमेंटच्या चिमणीने त्यांना कधी उत्तर दिलं नसणार, आणि त्यांनीही कधी वाट पाहिली नसणार. आज मात्र ते पहिल्या रांगेकडे बघत होते. कान लाल झाले होते. त्यांनी एकदा खाकरून बघितलं. मग माइक तोंडापासून दूर धरला आणि इतक्या हळू विचारलं की फक्त आम्हा पुढच्या रांगेलाच ऐकू आलं.

"काय झालं चिमणे? कोणावर चिडलीस?"

ताई उठल्या. पैठणी सावरली, पदर खोचला आणि सगळ्या कारखान्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "तुमच्यावरच! आणखी कोणावर?"

मधुकररावांनी मान हलवली आणि माइक परत तोंडाशी आणला.

"प्रेशर बरं आहे," ते म्हणाले.